लवूचा उपाशी खांदा

लवूने आणि मी जयगडच्या वाटेवरच्या चिरेखाणीत सव्वीस वर्षं चिरे उचलले. शंभर चिरे गाडीत चढवूनही त्याचा दम दहा श्वासांत जाग्यावर यायचा. पुढे वय झालं, आम्ही घरी बसलो. त्याला मधुमेह निघाला, पण शिमग्यात पालखीला खांदा देणं त्याने सोडलं नाही.

आमच्या वाडीची रीत अशी, की खांदेकऱ्याने आदल्या दिवसापासून अन्नाला शिवायचं नाही. गेल्या वर्षी लवूने ती पाळली. गोळीही चुकवली नाही. औषध चुकवणं त्याच्या लेखी कामचुकारपणा. गोळी नवी होती, महिन्यापूर्वीच बदललेली.

पालखीच्या दिवशी सकाळी मी त्याच्या पडवीत गेलो. तो दोनदा ओकला होता, पोट धरून बसला होता. सून अक्षयाने बोटाला सुई टोचून साखर पाहिली.

"एकशे सत्तर. मामा, साखर बरी आहे. ऊन लागलं असेल."

"बघ, मी कुठं मरतोय?" लवू मला म्हणाला. "ढोल वाजायच्या आत देवळात पोचतो."

मला पटेना. माणूस बसलेला आणि धाप मात्र गाडी भरल्यासारखी.

"काम न करता दमलास? रिक्षा आणतो. दवाखान्यात चल."

"आणि पालखी?"

"खांदे मिळतील. सावित्रीला नवरा एकच आहे."

त्याची बायको आतून ओरडली, "आणि तोही असला! न्या हो भावोजी त्यांना."

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी गोळीचं पाकीट मागितलं, मग विचारलं, "जेवून किती वेळ झाला?" रक्त तपासून त्या म्हणाल्या, "या गोळीने साखर लघवीवाटे जाते, म्हणून आकडा बरा दिसला. पण क्वचित एखाद्याच्या रक्तात आम्ल साठतं, उपाशी असला तर जास्त भीती. उद्यावर टाकलं असतंत तर जीव वाचणं कठीण होतं."

सलाइन, इन्सुलिन, तीन दिवस अतिदक्षता विभाग. चौथ्या दिवशी लवूने पेज मागितली, वर ती पातळ आहे म्हणून नर्सशी भांडला. तेव्हा आम्ही हसलो. ती गोळी बंद झाली, दुसरी मिळाली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करायचा नाही, अशी ताकीदही मिळाली. यंदा खांदा द्यायला त्यांनी परवानगी दिली, पण जेवून.

यंदा पालखी निघायच्या आधी सावित्री देवळामागे भात आणि कुळथाची पिठी घेऊन उभी.

"जेवा, मग खांदा द्या."

"देवी रागावेल गं."

"रागावली तर मला येऊन सांगेल. घर ठाऊक आहे तिला."

लवू जेवायला बसला. बाकीचे खांदेकरी बघत राहिले. मग त्यांच्यातला दीपक हळूच म्हणाला, "काकी, पातेल्यात आहे काय अजून?"

सगळेच बसले. ढोलवाले अर्धा तास ताटकळले.

मग पालखी उठली. लवूने ती मैदानभर नाचवली. डावा पाय एकदा उशिरा पडला. तेवढं सोडलं तर काम चोख.