मापं कुठूनही दिसतात

गोरेगावच्या बाजारात जिथं सेनगावच्या जीपा उभ्या राहतात, त्याच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक खोली, दोन मशिनी आणि मधे एक हिरवा पडदा. पडद्याच्या आत माप घ्यायचं, बाहेर बसून शिवायचं. मी कुठल्या क्लासात शिकलेली नाही. जुने ब्लाऊज उसवून उसवून शिवण शिकले. पण पडद्याच्या आत जे दिसतं ते बाहेर न्यायचं नसतं, हे मात्र कुणी न सांगता शिकले होते आणि तीस वर्षं पाळलं होतं. ते एका फोनपायी मोडलं. त्याचा वैताग अजून डोक्यातून उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

सगळा दोष फोनवर टाकते असं समजू नका. सुरुवात वाळवीनं केली. माझी मापांची जाड वही होती. नावं मी लिहायची नाही. ‘गिरणीमागचं घर, मधली’ असं लिहायचं आणि बाजूला तिच्या कापडाचा तुकडा टाचायचा. तुकडा पाहिला की बाई डोळ्यासमोर उभी. ती वही फळीवर भिंतीला टेकून होती आणि ऐन लग्नसराईत तिला वाळवी लागली. हातात घेतली तर अर्धी मापं मातीसारखी खाली गळली. मग सगळ्या बायांना पुन्हा बोलवा, पुन्हा मापं घ्या. एकेकीचे टोमणे ऐका. एक तर म्हणाली, मावशी, आमी किती जाड झालो ते बघायलाच बोलावलं ना?

माझा मुलगा पुण्याला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला हे कळल्यावर तो म्हणाला, “आई, वही जळते, भिजते, हरवते. सगळं क्लाऊडवर ठेव. तिथं वाळवी जात नाही. उद्या फोन बंद पडला तरी तुझी मापं कुठूनही दिसतील.” तेव्हा मला ते फार चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू. सुट्टीला आला तेव्हा त्यानं माझ्या फोनवर शिंप्यांसाठीचं एक ॲप टाकलं, दोन दिवस शिकवलं, आणि गेला.

तो गेला आणि तकलीफ सुरू झाली.

त्या ॲपला आधी मोबाईल नंबर लागतो. नंबराशिवाय ते हलतच नाही. आता आमच्याकडं बाईला विचारा, नंबर सांग, ती वर पत्र्याकडं बघते. मग कुणी दिराचा सांगते, कुणी सासऱ्याचा. स्वतःचा फोन असला तरी त्याचा नंबर तिला पाठ नसतो, कारण स्वतःला कोण फोन करतं? एका घरच्या चार जावांनी मिळून एकच नंबर दिला. ॲपनं चौघींची एक बाई केली आणि शेवटी आलेल्या धाकटीचं माप तिघींच्या मापांवर चढवून टाकलं. मी आपली स्क्रीनवर दिसतं तसं कापलं. थोरली ब्लाऊज हातात धरून म्हणाली, “मावशी, हे माझ्या एका दंडाला बसंल. दुसऱ्या दंडाचं कवा देता?”

मुलाला फोन केला. तो म्हणाला, नंबर प्रत्येकीचा वेगळा पाहिजे. अरे, घर एक, चूल एक, दार एक, तर नंबर एकच असणार की. त्यावर त्यानं पुण्यातूनच काहीतरी फिरवलं आणि एका नंबरात अनेक बाया बसायला लागल्या. मला वाटलं, चला, सुटले.

पुढच्या रविवारी तोच फोनवर म्हणतो, आई, या आठवड्यात तर तू सतरा ब्लाऊज घेतलीस, जोरात चाललंय. मी विचारलं, तुला काय ठाऊक? म्हणे, मला इथं दिसतं की. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. “गावातल्या बायांची मापं तू पुण्यात बसून बघून राहिला?” तो गडबडला. मापं नाही गं, फक्त आकडा बघतो, म्हणाला. मग त्यानं स्वतःचं ते बघणं बंद केलं. निदान केलं असं सांगितलं. माझा त्याच्यावर विश्वास आहे, माझं लेकरू आहे ते. पण माझ्या गिऱ्हाइकांनी काहून ठेवावा?

तिथंच मी ते ॲप काढून टाकायला पाहिजे होतं. पण मापं सगळी त्यातच चढवलेली. पुन्हा बायांना बोलवायचं कोणत्या तोंडानं?

आता मूळ गोष्ट. बाजारात लोखंडी सामानाचं एक दुकान आहे, चार पिढ्यांपासून इथल्याच मुसलमान घराचं. त्या घरची धाकटी सून माझ्याकडून कुर्ते शिवून घेते. एक दिवस आली, म्हणाली, मावशी, नवा कुर्ता शिवा, जुने सगळे घट्ट होऊन राहिले. मी टेप फिरवली आणि समजले. शिवणाऱ्या बाईला हे डॉक्टरच्या आधी समजतं. तिनं माझा हात धरला. याआधी दोनदा तिच्या घरी दुसऱ्या महिन्यातच पेढे वाटले होते, आणि दोन्ही वेळा, ज्यांनी पेढे खाल्ले तीच माणसं पुढं समजूत काढायला आली होती. ती म्हणाली, “पाचवा लागेपर्यंत घरात कुणालाच सांगायचं न्हाई ठरवलंय, मावशी. फक्त यांना माहीत हाय, आन आता तुमाला. या खेपेला मला कुणाची तोंडं बघायची न्हाईत.”

मी म्हणलं, माझ्याकडून बाहेर जाणार नाही.

ती गेली आणि मी फोन घेतला. जुन्या वहीत असल्या बाईच्या मापाशेजारी मी पेन्सिलीनं एक बारका गोल काढायची. त्याचा अर्थ मलाच ठाऊक. पण ॲपच्या ‘सूचना’ नावाच्या चौकटीत गोल निघत नाही, शब्द लागतात. मला टाइप करायचा कंटाळा, म्हणून मुलानं माईक दाबून बोलायला शिकवलं होतं. मी माईक दाबला आणि स्वच्छ बोलले, तिसरा महिना, दोन्ही बाजूंनी आत दोन इंच कापड जास्त सोडणे, पुढं उसवावं लागेल. एरवी माझं बोलणं त्याला कळत नाही, काहीचं काही लिहितं. त्या दिवशी अक्षर न अक्षर बराबर लिहिलं. मला आनंद झाला, बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे सासरे दुकानाच्या पायरीशी आले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. बायांच्या दुकानाकडं तीस वर्षांत ते कधी फिरकले नव्हते. माझ्याकडं अर्धी पाठ करून उभे राहिले आणि फोन पुढं केला.

“बाई, तुमच्या दुकानाचा कायतरी मेसेज माझ्यावर आलाय. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. तुमीच बघा आन मिटवून टाका.”

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. काडी बाहेर दिसत होती.

मी फोन घेतला. ‘आपली ऑर्डर मिळाली आहे’ असं वर, खाली सुनेचं नाव, मग छाती, कंबर, सगळी मापं, आणि तळाशी माझंच बोलणं. तिसरा महिना. नवरा तिचा सारखं सिमकार्ड बदलतो, म्हणून मीच घरचा कायमचा नंबर टाकला होता. रेशनला तोच, गॅसला तोच, सगळ्याला तोच. तो यांच्या खिशात. मेसेज पुसला. झालं का, त्यांनी विचारलं. झालं म्हणलं. ते माझ्याकडं न बघता निघून गेले.

मी त्या ॲपवाल्यांना फोन लावला. हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, मग बाजा वाजतो, मग एक पोरगी हिंदीत बोलते. तिला सांगितलं की मापं गिऱ्हाइकाच्या सासऱ्याला गेली. ती म्हणाली, मॅडम, ती तर सोय आहे, ग्राहकाला आपली ऑर्डर तपासता येते, ग्राहकाला आवडतं. मी म्हणलं, सासरे को भी आवडता क्या? तिनं मला लाइनवर थांबायला सांगितलं, पुन्हा बाजा. शेवटी मी म्हणलं, त्या बाईचं सगळंच पुसून टाका. तर म्हणे, तुमच्या फोनवरून जाईल, पण वर एक प्रत काही दिवस राहते, तुमच्याच सुरक्षेसाठी. आणि मग विचारते, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे देणार?

मुलगा म्हणाला, आई, तो मेसेज आपोआप जातो, बंद करून ठेवायचा असतो, मी सांगितलं होतं. त्यानं सांगितलं नव्हतं. मग म्हणाला, आणि असलं कुणी लिहून ठेवतं का? यावर मी फोन ठेवून दिला. कारण ते बरोबर होतं.

म्हणजे आधीच्या बायांचेही मेसेज असेच गेले असणार, जाहिरात समजून कुणी उघडले नसतील एवढंच. दोन दिवस मशीन बंद ठेवून मी एकेका घराचा नंबर काढला आणि सगळ्यांच्या जागी माझाच टाकला. तिसऱ्या दिवशी ॲपनं मलाच कळवलं की मी या दुकानाची सगळ्यात चांगली ग्राहक आहे आणि पुढच्या शिलाईवर मला सूट मिळेल. असल्या शहाण्याच्या हाती मी गावातल्या बाया दिल्या होत्या.

कुर्ता शिवून खुंटीला लटकत होता. ती येईना. पडदा वाऱ्यानं हलला तरी मी वळून बघायची. तिच्या घरी आता काय चाललं असेल, पेढे निघाले असतील का, ती कोणाकोणाची तोंडं बघत बसली असेल, हेच डोक्यात. जाऊन विचारावं तर तेही तिच्यावरच येणार.

आठ-दहा दिवसांनी ती आली. पडद्याच्या आत गेल्यावर हळूच म्हणाली, “मावशी, एक विचारू? अब्बा रोज दुकानातून येताना डाळिंबं आणून राहिले. ओट्यावर ठेवतात, बोलत काहीच न्हाईत. परवा अम्मीला म्हणले, पाण्याच्या घागरी उद्यापासून पोरं भरतील. अम्मी म्हणल्या, काहून? तर म्हणले, माझी मर्जी. तुमी काही बोलल्या का त्यांना?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मेसेज पुसलेला होता, आणि चाचा जन्मात कुणाला सांगणार नव्हते. म्हाताऱ्या माणसाला कधीकधी येते माया, एवढं म्हणलं असतं तरी ती घरी गेली असती.

“मी बोलले न्हाई,” मी म्हणलं. “पण माझ्याच हातानं त्यांना कळलं.” आणि सगळं सांगितलं, माईकसकट.

ती स्टुलावर बसली. अब्बांनी वाचलं का, तिनं विचारलं. वाचलं, म्हणलं. तरी अम्मीला नाही सांगितलं, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि जराशी हसली. मग तिचे डोळे भरले.

“अब्बा चांगले हायत म्हणून निभलं, मावशी. मी भरवसा तुमच्यावर ठेवला होता.”

यावर ॲपचं नाव घेणं माझ्या तोंडी आलं होतं. गिळलं. ते मला फार कमी जमतं.

तिनं डोळे पुसले, खुंटीवरचा कुर्ता घालून बघितला. बसला बराबर. मग बुरख्याच्या आतून एक पुडकं काढलं, त्यात पुढच्या महिन्यांसाठी कापड होतं. माप घ्या, म्हणाली, पण कुठंच लिहू नका.

मी टेप फिरवली. एकेक आकडा मनात म्हणत गेले. एरवी गिऱ्हाइकाला मी उद्या ये म्हणते आणि सवडीनं कापते. त्या दिवशी टेप गळ्यात टाकली, तिच्यासमोरच टेबलावर कापड पसरलं, खडूनं रेघा मारल्या आणि कात्री लावली. बस की, म्हणलं तिला. ती बसली नाही. शेवटची बाही कापून होईपर्यंत तिथंच उभी राहून माझ्या हाताकडं बघत राहिली.