हथखोजमधलं ब्राझील

आमच्या भिलाईत, पोलाद कारखान्याच्या गावात, माणसाची ओळख एका प्रश्नात होते. "कौन से शॉप में हो?" म्हणजे कारखान्याच्या कुठल्या खात्यात. ब्लास्ट फर्नेस, रेल मिल, काहीही सांगा, विचारणारा समाधानाने मान हलवतो. माझ्या लेकीला, संघमित्राला, या प्रश्नाचं उत्तर कधीच देता आलं नाही. ती ब्राझीलच्या सिनेमाची डॉक्टर आहे.

आमच्या बुद्धविहारातली ती पहिली पीएचडी, म्हणून सत्कार झाला. अध्यक्षांनी माइकवर प्रबंधाचं नाव वाचायला घेतलं, "ब्राझीलच्या चित्रपटांतील दुष्काळी मुलूख : भूक, भूमी आणि कॅमेऱ्याची नैतिकता..." आणि अर्ध्यावरच चष्मा काढून म्हणाले, "पुढं बी बरंच आहे. टाळ्या!"

शेजारच्या पंचफुलाबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"वहिनी, खरं सांगा, पिच्चर पाहून पीएचडी भेटते?"

"नुसतं पाहून नाही. लिहावंही लागतं."

"हां, म्हणून आमचा गोलू मागं राहिला. पाहाचं काम तं त्यानं पुरं केलं आहे."

त्यानंतर संघमित्रा रायपूरला गेस्ट लेक्चरर झाली आणि गेस्टच राहिली. मधूनमधून जागतिक सिनेमाच्या परिषदांना जाई. तिथे म्हणे पाचसहा जण एकमेकांसमोर निबंध वाचतात. ज्याचा वाचून होतो तो चहाला जातो, त्यामुळे शेवटच्याला ऐकायला फक्त परिषदेचे अध्यक्ष उरतात, तेही उठता येत नाही म्हणून. आमची बहुधा शेवटची असे. पोरगी पस्तिशीला आली. मला तिच्यासाठी परमनंट नोकरी हवी होती. तिलाही तीच हवी होती, पण सिनेमा शिकवायची.

पंचफुलाबाईंचे यजमान जवळच्या हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. शेठ खाणीतल्या यंत्रांचे सुटे भाग ओततात आणि हौस म्हणून एक कॉलेजही चालवतात. यजमानांनी त्यांना सांगितलं की शेजारची मुलगी ब्राझीलची डॉक्टर आहे. लोखंडात जन्म गेलेल्या माणसाला ब्राझील म्हटलं की लोहखनिजच दिसतं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मुलाखत कशी झाली ते संघमित्राने घरी येऊन नक्कल करून सांगितलं.

"मैडम, वहाँ आयरन ओर का ग्रेड कैसा चल रहा है?"

"सर, मेरा काम वहाँ के सिनेमा पर है."

"वो ठीक है, शौक सबके होते हैं. भाषा आती है?"

"आती है."

"बस!"

असं ठरलं की सकाळी कॉलेजात सिनेमाचा वर्ग घ्यायचा आणि दुपारी कारखान्याच्या विक्री खात्यातल्या मुलामुलींना पोर्तुगीज शिकवायचं. ब्राझीलच्या खाणींकडून सुट्या भागांची ऑर्डर आली की परमनंट. तिचे वडील गुलाबराव रेल मिलमधून रिटायर झालेले. ते खूश झाले. "परमनंट म्हणले ना? मंग झालं. मी बी पयले ट्रेनीच होतो."

आता संघमित्रा स्वतः पोर्तुगीज शिकली ती सिनेमे बघून. शिकवलीही तशीच. तिचे सिनेमे सगळे दुष्काळी मुलखातले, डाकू, साधू आणि जमीनदारांचे. वर्गात सर्वांत हुशार होती जवळच्या मरोद्याची दिपाली. ती आमच्याकडे सरावाला यायची, छातीवर हात ठेवून काहीतरी गर्जायची.

"काय म्हणतेस गं?" मी विचारलं.

"काकू, मी म्हणून राहिली, हे जमीनदारा, तुह्या विहिरीत माह्या भावाचं रक्त आहे."

"आणि कोटेशन कसं द्यायचं?"

"ते अजून पिच्चरमध्ये आलं नाई."

ब्राझीलच्या कंपनीशी व्हिडिओ कॉल ठरला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पलीकडचे वयस्कर खरेदी अधिकारी चिडलेले होते, कारण नमुन्याचा माल उशिरा पोचला होता. दिपाली उठली, हात छातीवर ठेवला आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाली, "मी मरेन, पण माझा शब्द मरणार नाही. पहाटेचा कोंबडा आरवण्याआधी माल तुझ्या दारात असेल!" पडद्यावरचे ते गृहस्थ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सारं ऑफिस गोळा करून त्यांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. ऑर्डर आली.

शेठनी शब्द पाळला. संघमित्रा परमनंट, मॅनेजर एक्स्पोर्ट. सिनेमाचा वर्ग मात्र बंद, कारण इतकी कामाची बाई वर्गात वाया घालवून चालणार नव्हती. "मैडम, पिक्चर तो मोबाइल पर भी दिखता है. बच्चे खुद देख लेंगे."

मी पेढे आणायला चप्पल घालत होते. संघमित्रा दारातच म्हणाली, "आई, राहू दे. मी नोकरीला नाही म्हणून आले."

गुलाबरावांनी टीव्ही बंद केला.

"परमनंट होती ना, बेटा?"

"होती, बाबा. वर्ग ठेवला असता तर केली असती."

सध्या ती दुर्गच्या एका कॉलेजात पुन्हा गेस्ट आहे. वर्गात चार टाळकी असतात. हे मी सहन केलंही असतं, पण गेल्या रविवारी दिपालीची आई मरोद्याहून आली. जय भीम म्हणायचंही विसरली.

"तुमच्या पोरीनं माह्या पोरीले बिघडवलं. चांगली लागलेली नोकरी सोडली. म्हणते, मले ब्राझीलवर पीएचडी कराची आहे. कावून? तं म्हणते, मॅडमनं केली म्हणून. आता तुमीच सांगा, मी काय करू?"

दिपाली आतच होती. ती आणि संघमित्रा कुठल्याशा सिनेमावरून जोरजोरात भांडत होत्या आणि मधेच खिदळत होत्या. मी त्या बाईंना पाणी दिलं.

"बसा, ताई. पहिले काही दिवस झोप येत नाही."

"मंग कवा येते?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"मला आली की तुम्हाला सांगते," मी म्हणाले. "चहात साखर चालते ना?"