स्वातंत्र्याचं प्रकरण

पक्षाच्या कचेरीत तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. जाहीरनाम्याची मुद्रितं सत्तावीस वर्षं तिनंच तपासली. सुरुवातीला पक्ष अगदी एवढासा होता. दोन खोल्या आणि सकाळपासून वाद घालणारी आठ-दहा माणसं. जाहीरनाम्यात एक वाक्य तिनं घातलं होतं : ज्याचं म्हणणं आम्हाला पटत नाही, त्यालाही ते बिनधास्त मांडता आलं पाहिजे.

हळूहळू हे विचार सगळ्याच पक्षांनी उचलले. ज्यांनी पूर्वी या छोट्या पक्षाची टर उडवली होती, त्यांनीसुद्धा.

"आपण पडलो, पण आपले शब्द निवडून आले," ती नवऱ्याला म्हणायची. तो शाळेत इतिहास शिकवायचा आणि तिच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडायचा.

"शब्दांचं काय, कुणाच्याही कडेवर बसतात," तो म्हणायचा. मग तासभर जुंपायची.

पुढे छोटा पक्ष मोठ्या पक्षात विलीन झाला. तिचं वाक्य पहिल्या पानावर झळकलं. पक्ष सत्तेवर आला आणि चौथ्याच महिन्यात चौकात सभा घ्यायला बंदी आली. नवऱ्यानं तेच वाक्य देऊन वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. आठवड्याच्या आत शाळेनं त्याला घरी बसवलं.

ती पक्षाच्या चिटणिसाकडे गेली. कॉलेजात असताना तो तिच्याच टेबलापाशी वाद घालायला शिकला होता. तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली.

"वाक्य तुमचंच आहे, बाई. मी कुठं नाही म्हणतो?"

"मग?"

"ते मतं मागायला ठीक आहे. त्यावर कारभार कसा चालणार?" त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. "सरांचं माफीपत्र द्या. चार ओळी पुरेत. तुम्हीच लिहा, तुमची भाषा स्वच्छ आहे."

घरी नवरा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. जायचं कुठंच नसायचं. तिसऱ्या आठवड्यात तोच म्हणाला, "लिही. मला माझा वर्ग हवाय."

तिनं लिहिलं. त्यानं न वाचताच सही केली.

"अहो, वाचा तरी."

"तू लिहिलंयस ना? चुका नसणार."

शाळेनं त्याला परत घेतलं, पण वर्ग दिला नाही. जिन्याखालच्या खोलीत फाटके नकाशे आणि मोडकी बाकं होती, त्यांची यादी करायला बसवलं. तिच्या टेबलावर नवा जाहीरनामा आला. स्वातंत्र्याचं प्रकरण पूर्वी दीड पानाचं होतं, आता नऊ पानांचं झालं होतं. तिनं ते तपासून छापायला पाठवलं.

एकदा जेवताना ती मुद्दाम म्हणाली, "खरं सांगू? चौकातली ती बंदी बरोबरच होती." आणि घास हातात धरून ती वाट बघत राहिली.

"असेल," तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.