कार्यक्रमाआधीची बातमी

चोवीस वर्षं फक्त दुसऱ्यांचं कौतुक करत आला आणि तरीही सुखी आहे, असा पुण्यातला एकमेव माणूस म्हणजे महिपती इंगोले.

वाशीमहून तो कॉलेजसाठी आला आणि सुट्टीत मार्केट यार्डात मुनव्वर तांबोळी यांच्या मसाल्याच्या गाळ्यावर काम करू लागला. मुनव्वरभाईंनी रक्तदान शिबिर घेतलं, त्यावर महिपतीने चार ओळी लिहून वर्तमानपत्राला दिल्या आणि त्या छापून आल्या. शेजारचा व्यापारी दुसऱ्याच दिवशी हजर.

"आमचंही छापून आणा."

"तुम्ही काय केलंय?"

"ते तुम्हीच ठरवा."

अशी महिपतीची जनसंपर्क कंपनी निघाली.

या धंद्यात संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी दुपारीच पाठवतात, पाहुण्यांच्या भाषणासकट. पाहुणे मग बातमीत असतं तेच बोलतात. विचार करायचा त्रास वाचतो. महिपतीचा नियम एकच: छापलेलं घडलंच पाहिजे. चोवीस वर्षांत त्याची एकही बातमी खोटी ठरली नाही, म्हणून उपसंपादक ती डोळे मिटून घ्यायचे. ही पतच त्याचं भांडवल.

गेल्या वर्षी त्याने पुस्तक लिहिलं, 'आधी नाव, मग धंदा'. पहिलं प्रकरण मुनव्वरभाईंवर, प्रकाशनाला प्रमुख पाहुणेही तेच. महिपतीने दुपारी तीनला बातमी धाडली: '"इंगोले यांच्यामुळेच माझा धंदा वाढला," असे तांबोळी म्हणाले. सभागृह तुडुंब भरले होते.'

सहा वाजता तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात साठेक माणसं होती, त्यातली निम्मी इंगोल्यांची. मुनव्वरभाई वाघोलीच्या चौकात वाहतुकीत अडकलेले.

"अहो, फोन माइकला लावा," महिपतीची बायको राजनंदिनी म्हणाली.

महिपतीने आधी कोपऱ्यात जाऊन फोन केला. "भाई, एक वाक्य तेवढं म्हणा. बातमी गेलीय." आणि वाक्य वाचून दाखवलं.

मुनव्वरभाईंनी हॉर्नच्या वर आवाज चढवला.

"हे मी नाही म्हणणार, इंगोले. धंदा मिरचीनं वाढला. तुमची बातमी वाचून गिऱ्हाईक एकदा येतं. दुसऱ्यांदा त्याला मिरची आणते."

"भाई, माझं पहिलं प्रकरणच पडतं मग!"

"पडू दे. खोटं छापलेलं चालेल का तुम्हाला?"

मागोमाग कोपऱ्यात आलेल्या राजनंदिनीला सगळं ऐकू आलं होतं. "मागे घ्या बातमी," ती म्हणाली. "जग बुडत नाही. पेढे तरी आहेत."

त्याने फोन माइकला लावला. मुनव्वरभाईंनी मिरचीचं वाक्य सगळ्यांना ऐकवलं. सभागृह खदखदून हसलं, मग टाळ्या पडल्या. महिपती जिन्यात गेला आणि त्याने उपसंपादकाला फोन लावला.

"ते वाक्य काढा."

"का? बोलले नाहीत?"

"उलटं बोलले."

"काय बोलले?"

महिपतीने सांगितलं.

"अहो, मग हेच द्या की! तुमच्यापेक्षा बरं लिहितात ते."

सकाळी मथळा आला, 'धंदा मिरचीनं वाढला'. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत महिपतीने पहिलं प्रकरण नव्याने लिहिलं आणि मुनव्वरभाईंचं वाक्य मलपृष्ठावर टाकलं.

बातमी तो अजूनही दुपारीच पाठवतो. पाहुण्यांच्या वाक्याची जागा मात्र रिकामी ठेवतो आणि वाक्य कार्यक्रम झाल्यावर कळवतो. 'सभागृह तुडुंब भरले होते' हे आधीच लिहिलेलं असतं.