मासळीच्या गाडीचा पत्रा

जुनी गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशीच मी विकणाऱ्याला बजावून ठेवते, की मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं की समजायचं, सकाळपासून गाडीची मनधरणी चालू आहे. मग थंड इंजिन कसं उठतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, टायर एकाच कडेने झिजलेत का, हे सगळं मी स्वतः बघते. ही अक्कल मला दलालांशी भांडून भांडून आली. गोरेगावच्या एकाने तर इंजिन धुऊन चकाचक केलं होतं, आरशाला मोगऱ्याच्या वासाची बाटली टांगली होती आणि वर मलाच विचारलं, "मॅडम, सोबत कोणी जेंट्स नाहीत का?" त्याला मी काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी हवी होती आईसाठी. आम्ही दोघी मुंबईत चारकोपला राहतो, गाव मालवणकडचं. गणपतीला आई गावी गेली नाही असं कधी झालं नव्हतं. मग तिचे गुडघे गेले आणि बसच्या पायऱ्या चढणं संपलं. एका वर्षी भाड्याची गाडी केली. पाय अवघडले की तिला उतरून जरा चालावं लागतं. दुसऱ्यांदा थांबायला सांगितल्यावर ड्रायव्हर कुरकुरला, आणि त्यानंतर गाव येईपर्यंत आईने थांबायचं नाव काढलं नाही. पोचल्यावर तिला उठवेना. पुढच्या वर्षी ती गेलीच नाही. घरी बसून मोबाइलवर गावची आरती बघायला लागली, मध्येच फोन पालथा ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. तेव्हाच मी ठरवलं, आपली स्वतःची गाडी घ्यायची, ती म्हणेल तिथे थांबणारी. नवी परवडणार नव्हती.

ही गाडी वर्सोव्याला, खाडीजवळ उभी होती. बघायला मी आईलाही सोबत नेलं. मालकीण कोळीण. धक्क्यावरून मासळी उचलायची आणि अंधेरीच्या बाजारात न्यायची, इतकी वर्षं ह्याच गाडीतून. आता टेम्पो घेतला होता, म्हणून ही विकायला काढली होती.

"मासलीची गारी हाय ही, बाय. वास येनारच," ती दार उघडता उघडता म्हणाली. "सेंट मारून तुला फसवनार नाय मी."

बाई मला तिथेच आवडली. बॉनेट थंड होतं. इंजिन पहिल्या चावीला उठलं, धूर नाही, स्टिअरिंग सरळ, कागदपत्रं चोख. वास मात्र सणसणीत होता. शाकाहारी माणूस नाकाला रुमाल लावून दारातूनच परत गेला असता. पण आम्ही पडलो मासेखाऊ. आईने आत डोकावून एक श्वास घेतला आणि म्हणाली, "वासाक काय बघतंस? आपल्या घरात काय अत्तर शिंपडतत?" मला हसू आलं. वास लपवला नाही म्हणजे बाकी काही लपवलेलं नसणार, असा हिशेब मी मनात करून टाकला. वास कशाचा हे कळलं होतं; तो गाडीत इतका मुरला कसा, हे विचारायचं सुचलंच नाही.

खरी परीक्षा आईच्या गुडघ्यांची होती. ती मागे बसली. मालकीण माझ्या शेजारी. जवळच्या सात बंगला भागापर्यंत एक चक्कर मारली. वाटेत आरशात पाहिलं तर आईने मांडीवरची पिशवी खाली पायाशी ठेवली होती.

"सीटवर ठेव ना," मी म्हटलं.

"रवांदे गो. हयच बरी."

परत आलो. आई दाराला धरून बेताने उतरली, कुणाचा हात न घेता. मी खूश. आता किमतीचं बोलायचं, म्हणून तिची पिशवी घ्यायला आत वाकले.

"रवांदे, मी घेतंय!" आई घाईने म्हणाली.

तोवर मी पिशवी उचलली होती. खालचं मॅट खोलगट बसलेलं होतं. मी ते उलटलं. तपकिरी पापुद्रे हाताला आले आणि भोकातून खालचा रस्ता दिसला. मासळीच्या पेट्यांतलं बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं मॅटखाली झिरपून पत्रा खाऊन बसलं होतं. त्या वासाचा अर्थ हा होता आणि आम्ही दोघींनी तो घरचा म्हणून सोडून दिला होता.

मालकीण वाकून बघत राहिली. "आई शप्पत, मना नाय म्हाईत," ती म्हणाली. माझा तिच्यावर विश्वास बसला. पेट्या काढल्यावर मॅटखाली कोण बघतं?

मी आईकडे वळले. "तुला कळलं होतं?"

"पाय ठेवलंय तेव्हाच," आई म्हणाली. "मी पाय वर घेऊन बसान गो. गावाक जावक मिळाला म्हणजे झाला."

मला तिचा इतका राग आला की भर रस्त्यात ओरडणार होते, आणि त्याच वेळी रडूही आलं. घाटातून गावापर्यंत ही बाई ह्या गुडघ्यांनिशी पाय वर धरून बसणार होती, आणि मला पत्ता लागू देणार नव्हती.

गाडी नको म्हणून सांगितलं आणि रिक्षाने परत निघालो. रिक्षात पिशवी आईने मांडीवर घट्ट धरली होती. लिंक रोड लागल्यावर मी म्हटलं, "ह्या वर्षी जायचंच. गाडी भाड्याची असली तरी. ड्रायव्हरशी मी आधीच बोलून घेईन, तासातासाला थांबायचं."

आई बाहेर बघत होती.

"तासातासाक नको," ती म्हणाली. "चहाक थांबलंस तरी पुरे."