मामाची उंची आणि विनिपेगचा रस्ता

टोरोंटोहून विनिपेगला विमानाने जाता येतं आणि शहाणी माणसं तसंच जातात. आम्ही २०१७च्या जुलैमध्ये गाडीने गेलो. कॅनडात येऊन इतकी वर्षं झाली, लेक सुपीरियर फक्त नकाशात पाहिलेला, तेव्हा एकदा त्याच्या काठाने जायचंच असा माझा हट्ट होता. निमित्त मात्र आमच्या नीलच्या बेसबॉलचं होतं.

नील माझा मुलगा, नुकतंच सतरावं लागलेलं. बेसबॉलमध्ये तो बॅट्समन, त्यांच्या भाषेत हिटर. विनिपेगला त्याच्या क्लबची स्पर्धा होती आणि तिथे अमेरिकन संघांचे स्काउट, म्हणजे पोरं हेरणारी माणसं, येणार होती. दर जूनमध्ये हे संघ आळीपाळीने तरुण पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात कॅनडातली मुलंही असतात. निवडलेल्या पोरांना मग छोट्या गावांतल्या संघांतून वर्षानुवर्षं घडवतात. विनिपेगला नजरेत भरलेल्यांना शरद ऋतूतल्या एका शिबिराचं बोलावणं येणार होतं, आणि त्या शिबिरात गेल्याशिवाय पुढच्या ड्राफ्टला तुमचं नावही कोणी घेत नाही. नीलला ते बोलावणं हवं होतं. दुसरं काही नको होतं त्याला, वाढदिवसाला फोनसुद्धा नको म्हणाला होता.

माझा नवरा मिलिंद फार्मसिस्ट. त्याला रजा मिळाली नाही. खरं तर या सगळ्याला कारणीभूत तोच. सांगलीत क्लबकडून क्रिकेट खेळलेला हा माणूस ड्यूटीवरून आला की कपडे बदलून थेट बेसमेंटमध्ये जातो, तिथे लावलेल्या जाळीत नीलला बॉल टाकतो. नील आठ वर्षांचा असल्यापासून हे चाललंय. बॉल शेवटपर्यंत बघ, मग मनगट वळव, जिथे माणूस उभा नाही तिथे मार, ही त्याची शिकवण. मिलिंद पाच फूट पाच इंच, मी त्याच्या कानापर्यंत. त्याच्या जागी गाडी चालवायला माझा धाकटा भाऊ शेखर आला. तो टोरोंटोत बँकेत आयटीत आहे आणि सहा फूट दोन इंच आहे. आमच्या घरातली सगळी उंची त्या एकट्याने घेतली, असं आमची आई म्हणायची. टीममधली बाकीची मुलं विमानाने गेली, पण मामा येतोय म्हटल्यावर नील आमच्या गाडीत बसला.

मिसिसागाहून पहाटे निघालो. शुक्रवारी दुपारी अजिबात निघू नका, अख्खं टोरोंटो तेव्हा तळ्याकाठच्या कॉटेजला सुट्टीसाठी निघालेलं असतं. सडबरीपर्यंत रस्ता छान आहे. पुढे हायवे सतरा बऱ्याच ठिकाणी दोनच लेनचा होतो आणि पुढे एखादा लाकडाचा ट्रक लागला की संयमाची परीक्षा होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही बरोबर होतं, त्यामुळे जेवणासाठी कुठे थांबावं लागलं नाही. पहिला मुक्काम सू सेंट मरीला. उन्हाळ्यात मोटेल आधी बुक करा. शंभर डॉलरच्या आसपास खोली मिळते, स्वच्छ असते, फक्त भिंती पातळ असतात.

दुसऱ्या दिवशी सुपीरियर दिसला. रस्ता वळला, झाडं बाजूला झाली आणि समोर पाणी होतं, पलीकडचा काठच नाही. मी शेखरला गाडी थांबवायला लावली. आगावा बेच्या किनाऱ्यावर गुळगुळीत गोट्यांचा खच पडलेला असतो. नीलने पाण्याने वाहून आलेलं एक लाकूड उचललं आणि गोटे उडवायला लागला.

"त्या काळ्या खडकाच्या डावीकडे," शेखर म्हणाला.

नीलने गोटा वर टाकला, फटका मारला. खडकाच्या डावीकडे.

"आता उजवीकडे. जवळून."

तिथेही बरोबर. शेजारी सँडविच खात बसलेलं एक म्हातारं जोडपं टाळ्या वाजवायला लागलं. त्या क्षणी माझी छाती किती फुगली होती ते सांगत नाही, आई असाल तर कळेल.

जाणाऱ्यांसाठी सूचना: वावाच्या पुढे पेट्रोल पंप दिसला की टाकी भरून घ्या, अर्धी आहे म्हणून पुढे जाऊ नका. फोनला रेंज नसते. संध्याकाळनंतर मूस, म्हणजे घोड्याएवढी हरणं, रस्त्यावर येतात, तेव्हा उजेड आहे तोवर मुक्कामी पोहोचा. थंडर बेला फिनिश पॅनकेक खा, पातळ असतात, आपल्या घावनांची आठवण येते. तिसऱ्या दिवशी काकाबेका धबधबा, मग केनोराची तळी, मग एकदम झाडं संपतात आणि विनिपेगचा सपाट मॅनिटोबा प्रांत सुरू होतो. विनिपेगच्या डासांबद्दल लोक सांगतात ते सगळं खरं आहे.

आता मैदानावरचं. तुम्ही फक्त प्रवासासाठी वाचत असाल तर हा भाग सोडलात तरी चालेल. मला मात्र सोडता येत नाही.

मला वाटलं होतं हे लोक मॅच बघायला आलेत. चूक. मॅचच्या आधी एक सरावाचा प्रकार असतो. कोच मधे उभा राहून हळू, सरळ, गोडगोड बॉल टाकतो आणि पोरांनी ते जिवाच्या आकांताने लांब मारायचे. जाळीमागे टोप्या घातलेले स्काउट मशीन घेऊन बसलेले. बॉल बॅटवरून किती वेगाने निघाला, किती अंशांत वर गेला, याची मोजणी. उंच मारा, लांब मारा, सध्या तीच हवा आहे. नीलने सवयीप्रमाणे एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मधून काढला. शेजारचा पोर नुसता ढगात मारत होता, त्याच्याकडे सगळी मशीन वळली.

मग त्या स्काउटांतला एक जण उठून कुंपणापाशी आला. मी आणि शेखर शेजारीशेजारी उभे होतो. त्याने मला एकदा वरून खाली पाहिलं आणि नजर लगेच शेखरकडे नेली, अगदी मान वर करून.

"नंबर फोर्टीन?" त्याने विचारलं. "यू द डॅड?"

"सेम थिंग," शेखर हसून म्हणाला.

मीही हसले. आपल्यात मामा म्हणजे काय, हे त्या माणसाला कुठे समजावत बसायचं? नीलचं जावळ शेखरच्या मांडीवर काढलं, त्याला सायकल शेखरने शिकवली. त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलला.

स्काउटने शेखरशी हात मिळवला आणि हात सोडायच्या आधी तो उलटा करून पाहिला. मग खाली बघितलं.

"व्हॉट साइझ शू?"

"ट्वेल्व्ह."

"नाइस," तो म्हणाला आणि निघून गेला.

मला वाटलं काहीतरी गंमत आहे. नीलचा कोच ब्रायन, भला माणूस आहे तो, ड्यूटीमुळे मिलिंदची आणि त्याची कधी गाठ पडली नव्हती, त्याने मला समजावलं. हे लोक आजच्या मुलाला बघतच नाहीत. तो तेविसाव्या वर्षी कसा दिसेल ते बघतात. म्हणून बापाचे खांदे, आईची चण, बुटाचं माप. शरीर असेल तर फटका शिकवता येतो, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, हे मी भोगलंय. सांगलीत आमच्या बैठकीत पोह्यांची बशी धरून मी उभी राहिलेय, जरा चालून दाखव, चपला काढून उभी राहा. एका होऊ घातलेल्या सासूबाईंनी तर शेखरकडे बघून उसासा टाकला होता की भावाची उंची हिला असती तर बरं झालं असतं. मी एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आले होते, ते कोणी विचारलं नाही. त्यातून सुटून बारा हजार किलोमीटर लांब आले, ते माझ्या पोराला तसंच मैदानावर उभं केलेलं बघायला?

आणि पुढे ऐका. मॅच सुरू झाली आणि तिसऱ्या डावाच्या आत त्या टोप्या उठून गेल्या. आचारी कांदा कसा चिरतो ते बघायचं आणि पंगत बसायच्या आत उठायचं, असला कारभार. त्यानंतर नीलने तीन हिट मारले. शेवटचा तर अशा बॉलवर, जो वळून त्याच्या पायाशी येत होता. त्याने थांबून, मनगट वळवून, दोन फील्डरांच्या मधून काढला आणि टीम जिंकली. जाळीमागे रिकाम्या खुर्च्या होत्या. मी एकटी इतकी ओरडले की पुढच्या बाईने वळून पाहिलं.

संध्याकाळी फोर्क्सच्या मार्केटमध्ये पिरोगी खाल्ले. उकडलेली करंजी म्हणा हवं तर, आत बटाटा. नील आनंदात होता. "आई, तो लास्ट वन बाबाने शिकवलेला," एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर मॅरेथॉन गावात पेट्रोल भरताना ब्रायनचा फोन आला. नीलने स्पीकरवर घेतला. शिबिराचं बोलावणं आलं होतं. नील गाडीतून उडी मारून उतरला, शेखरने त्याला मिठीत उचललं. ब्रायन पुढे बोलतच होता. दे लव्ह द फ्रेम, म्हणजे अंगाची ठेवण, म्हणाला. डॅड सिक्स-टू आहे, हातपाय तसे आहेत, हा पोरगा भरणार. त्यांना खात्री आहे.

नीलने फोन ठेवला. "मॅचबद्दल काही बोलला का तो?" त्याने मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

वावापर्यंत रेंज नव्हती, म्हणून भांडायला भरपूर वेळ मिळाला. शेखरचं म्हणणं, गप्प बसायचं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आत एकदा पोचू दे, मग हा बॅटनेच दाखवेल. मला तेही पटत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. माझ्या मुलाला निवडलं होतं, ते त्याच्या तीन हिट्ससाठी नाही, माझ्या भावाच्या बुटांसाठी. नाकारला असता तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ही निवड मात्र गिळताही येईना. आणि ज्या माणसाने घरी जाळीत बॉल टाकून टाकून त्याला घडवलं, त्याला या हिशोबात जागाच नव्हती. उलट तोच आड येत होता.

नील मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होता. सुपीरियर तसाच होता, पण त्या दिवशी कोणी गाडी थांबवा म्हणालं नाही.

सू सेंट मरीला पोहोचल्यावर नीलने स्वतःच ब्रायनला फोन लावला.

"कोच, दॅट वॉज माय अंकल," तो म्हणाला. "नॉट माय डॅड."

ब्रायनने विचारलं, "सो हाउ टॉल इज युअर डॅड?"

"फाइव्ह-फाइव्ह."

"ओके, बडी. आय विल पास इट ऑन."

त्या रात्री मोटेलवर शेखरने नीलसाठी पिझ्झा मागवला आणि स्वतः एकही तुकडा खाल्ला नाही.

घरी आलो. प्रवास करावा का, असं विचाराल तर जरूर करा. तो तलाव आयुष्यात एकदा बघायलाच हवा. गाडीची ऑइल-चेंज करून घ्या, डासांचं औषध न्या, आणि बरोबर असं माणूस न्या ज्याच्याशी गप्प बसूनही दिवस काढता येतो. बाकी माझ्याजवळ जे राहिलं ते तलावाचं नाही. आठवड्याने शिबिराकडून दोन ओळी आल्या, जागा भरल्या आहेत, पुढच्या वेळी संपर्क करू. कारण लिहिलं नव्हतं. असली माणसं खरं कारण कधीच लिहीत नाहीत, आमच्याकडेही पत्रिका जुळत नाही असंच कळवायचे.

मिलिंदला आम्ही एवढंच सांगितलं की जागा भरल्या. शेखर, नील आणि मी, तिघांनी न ठरवता ठरवलं होतं. मिलिंद म्हणाला, मग यंदा अजून मेहनत करू, आणि कपडे बदलून खाली गेला.

मी लॉन्ड्री घेऊन बेसमेंटच्या जिन्यावर होते. नील जाळीत बॅट धरून उभा होता, मिलिंदने बॉल हातात घेतला होता.

"बाबा," नीलने विचारलं, "तू ग्रो व्हायचा केव्हा थांबलास?"

"सोळाव्या वर्षी असेन," मिलिंद म्हणाला. "का रे?"

"काही नाही," नील म्हणाला. "टाक."