आमचे हे आणि खाणीतला पहारेकरी

आमचे हे हॉस्पिटलच्या लाँड्रीत मशीनवर आहेत. लग्न झालं तेव्हाही तिथेच होते आणि रिटायर होतील तेही तिथूनच, कारण या माणसाला बदल म्हटला की अंगावर काटा येतो. लाँड्री तळघरात. वरून चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट गाठोड्यांनी खाली येतात. रक्ताचं वेगळं, साधं वेगळं करायचं, माणूस आत उभा राहील एवढ्या ड्रममध्ये कोंबायचं, दार लावायचं, बटण दाबायचं. ड्रम पिळायला लागला की पायाखालची फरशी हादरते. मी एकदा ह्यांचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते, तर दोन मिनिटांत डोकं उठलं माझं. हे मात्र तिथे बसस्टॉपवर उभं राहावं तसे निवांत.

घरी आले की हाताला ब्लीचचा वास आणि तोंडाला कुलूप. "आज उशीर झाला?" म्हटलं तरी "हो", "भाजीत मीठ जास्त झालंय का?" म्हटलं तरी "हो", आणि वर सगळी भाजी चाटूनपुसून खाणार. लग्नाला बरीच वर्षं झाली की सगळेच नवरे बहिरे होतात, अशी माझी समजूत. त्यामुळे मी काही मनावर घेत नव्हते. आपलं बोलून मोकळी व्हायचे.

अशा या माणसाला आमच्या मुलाने व्हिडिओ गेमचा नाद लावला. मुलगा शिकत होता तेव्हा दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसायचे आणि एकमेकांना कोपराने ढोसत राक्षस मारायचे. मी मधून गेले की दोघं एका सुरात ओरडणार, "बाजूला हो!" जसं काही माझ्यामुळेच ह्यांचं राज्य बुडणार होतं. पुढे मुलाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, स्वयंपाकघरातल्या कपाटांचे नकाशे काढायची. जाताना त्याने गेमचं जुनं खोकं इथेच ठेवलं, ह्यांच्या डोक्यावर माइकवाला हेडफोन चढवला आणि सांगितलं, "बाबा, दर रविवारी दुपारी. तुम्ही इथून, मी तिथून."

गेम काय, तर एका गावाखाली मिठाची जुनी खाण आहे. तिच्यात उतरायचं, समोर येईल त्याला हाणायचं, त्याच्याकडचं सामान उचलायचं, आणखी एक मजला खाली जायचं, तिथे अजून मोठं काहीतरी दात विचकत उभं. जीव कमी झाला की वर गावात यायचं, तलवारीला धार लावायची आणि पुन्हा खाली. झालं. मला आधी वाटलं, एवढंच असेल तर माझी रोजची भांडी काय वाईट आहेत!

पण त्यात मधे मधे माणसंही भेटतात. खाणीच्या पहिल्या पायरीवर एक म्हातारा पहारेकरी कंदील घेऊन बसलेला असतो. त्याच्याजवळ गेलं की तो बोलतो आणि तो काय बोलतोय ते पडद्याच्या खाली लिहून येतं. बटण दाबून ते टाळता येतं, पण दोघं खेळत असतील तर दोघांनीही बटण दाबावं लागतं. एकाने दाबलं आणि दुसरा वाचत बसला, तर पहिल्याने थांबायचं.

आता आलं का लक्षात? मुलगा लगेच दाबायचा. हे दाबायचेच नाहीत.

मुलाचं म्हणणं तसं चूक नव्हतं. तो फोनवर मला सांगायचा, "आई, हा गेम हाताचा आहे. ढाल कधी धरायची, उडी कधी मारायची, यातच सगळी मजा. गोष्ट म्हणजे जेवणाआधीचं भाषण. कोण ऐकतं? आणि बाबा एकेका ओळीवर एवढा वेळ काढतात की माझी तलवार गंजायची पाळी येते!"

मी ह्यांना विचारलं, म्हणजे समोर उभं राहून, टीव्ही झाकून विचारलं. "काय हो, एवढं काय वाचता त्यात? पोरगा खोळंबतो ना!"

तर या कंजूष माणसाने चक्क चार वाक्यं खर्च केली. म्हणाले, "टाक, फिरव, काढ. दिवसभर मी हेच करतो. घरी येऊन पुन्हा तेच करायचं? हा माणूस तिथे का बसलाय ते नको कळायला?"

झालं, मीच अडकले त्यात. कारण तो पहारेकरी दर खेपेला वेगळं बोलायचा. आधी म्हणाला, खाली जाऊ नका. मग म्हणाला, माझा भाऊ खाली आहे. मग एकदा म्हणाला, खालचं दार मीच बंद केलं होतं. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "अहो, भाऊ आत असताना?" ह्यांनी नुसती मान हलवली. मुलगा नसेल तेव्हा, संध्याकाळी कामावरून आल्यावर, हे एकटेच खाणीत जायचे आणि मुलाच्या घाईत जे सुटलं असेल ते वाचून यायचे. गोष्ट काही फार अफलातून होती असं नाही. पण लागली होती खरी.

मग एका रविवारी मी पलंगावर बसून लसूण सोलत होते. मुलाचं बोलणं हेडफोनात, ते मला ऐकू येत नाही. मला ऐकू येतो तो फक्त ह्यांचा भाग, आणि तो किती असायचा ते तुम्हाला सांगितलंच आहे. "हो," हे म्हणाले. जरा वेळाने, "हो, हो." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "छान. चल, उतरू खाली." आणि जरा वेळाने हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. "गेला वाटतं. लाइट गेली असेल."

पुढच्या रविवारी मुलगा आला नाही. हे जेवून, हात पुसून, हेडफोन घालून तयार. पडद्यावर ह्यांचा गडी गावाच्या चौकात एकटा उभा. चहाच्या वेळेपर्यंत उभा. "काम असेल त्याला," असं मला सांगितलं आणि खोकं बंद केलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आता काम असेल असंही म्हणाले नाहीत. माझा जीव थाऱ्यावर राहीना. मी गॅलरीत जाऊन मुलाला फोन लावला आणि आधी भरपूर झापलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, माझी नोकरी गेली. आमचा अख्खा विभागच बंद केला. खोलीही सोडावी लागणार आहे. दोन दिवस मी कोणाशीच बोललो नव्हतो. तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस, म्हणून मी आधी बाबांना सांगितलं. सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा, मला काय करावं कळत नाहीये. तर बाबा म्हणाले, छान. चल, उतरू खाली."



"त्या पहारेकऱ्याची एकेक ओळ वाचतात, आई," तो म्हणाला. "खोट्या माणसाची. मी खरा माणूस बोलत होतो ना!"

मी तशीच तरातरा आत आले. हे माझ्याकडे पाठ करून खोक्याच्या वायरी गुंडाळत होते. माझं टाळकं इतकं सटकलं होतं की म्हटलं, आज सोडायचंच नाही. "पोराची नोकरी गेली आणि तुम्ही छान म्हणता?" मी मागूनच ओरडले. हे वायर गुंडाळत होते. "अहो! बाप आहात की दगड?" वायरीला शांतपणे रबर लावलं. खोकं पुसलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आणि तेव्हा माझा राग एकदम गळूनच पडला. मी पुढे जाऊन ह्यांच्यासमोर खाली बसले. ह्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

आधी नाहीच म्हणाले. मग, थोडं कमी येतं. मग सगळंच बाहेर आलं. समोर उभं राहून सावकाश बोललं तर कळतं, ओठांवरून अंदाज येतो. फोनवर आणि त्या हेडफोनात मुलगा बोलला की नुसता मशीन फिरल्यासारखा आवाज. शब्द नाहीत. लाँड्रीतला ह्यांचा जोडीदार कानाने गेला तेव्हा त्याला मशीनवरून काढून घड्या घालायला बसवलं होतं, म्हणून तिथे बोलायची सोय नाही. आणि मुलाला सांगायचं, तर तो तिथे परक्या गावात काळजी करत बसणार. म्हणून सगळ्याला हो.

"त्या गेममध्ये माणसं बोलतात ते खाली लिहून येतं," हे म्हणाले. "तेवढंच मला धड कळतं. मारामारी चालू असते तेव्हा तो काय काय सांगत असतो, मला काही समजत नाही, मी आपला त्याच्या मागे धावतो. पण कोणी बोलायला लागलं की वाटतं, आता आम्ही दोघं एकच गोष्ट ऐकतोय. म्हणून मी बटण दाबत नाही."

मग मी ह्यांना मुलाचं सांगितलं, एकेक शब्द तोंड उघडून. ह्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "मी त्याला छान म्हणालो?" दोनदा विचारलं. मी रडले. हेही रडले, आणि रडताना मोठ्याने रडले, कारण किती मोठ्याने ते ह्यांना कळत नव्हतं.

मी मुलाला लगेच सांगायला निघाले होते. ह्यांनी माझा हात धरला. "माझं मी सांगीन." आता हे सांगणार कसे? ह्यांचा फोन जुना, बटणांचा, त्यावर मेसेज लिहायला बसले तर रिटायरमेंट येईल. पण त्या गेममध्ये एकमेकांना लिहिता येतं. आजवर दोघांनी कधी लिहिलं नव्हतं, तोंड असताना कोण लिहितं! मी मुलाला एवढंच कळवलं की या रविवारी खोकं चालू कर, हेडफोन लावू नकोस, समोर येईल ते वाच. तो म्हणाला, "आई, मला त्या गोष्टीत काडीचाही रस नाही." मी म्हटलं, "आईचं ऐक, नाहीतर मीच तिकीट काढून तिथे येते." या धमकीपुढे त्याचं काही चालत नाही.

रविवारी दोघांचे गडी खाणीत समोरासमोर उभे राहिले. ह्यांनी लिहायचा तक्ता उघडला. त्यात एकेक अक्षर बाणाने शोधायचं आणि दाबायचं. हे कामाला वाघ, पण त्या तक्त्यापुढे पार शेळी झाले. मी मदतीला गेले तर कोपराने बाजूला सारलं. एवढ्यात उजवीकडून खाणीतला एक राक्षस आला आणि दोघांना बडवायला लागला. मी ओरडले, पण हे लिहीतच होते. आणि मुलाचा गडीही हलला नाही, त्याने ढालसुद्धा वर केली नाही. दोघंही आडवे झाले आणि पडदा काळा पडला. लिहायची चौकट मात्र तशीच कोपऱ्यात राहिली होती. अखेर ह्यांनी लिहिलेलं तिकडे गेलं.

"मला ऐकू येत नाही. खूप दिवस झाले. तू सांगितलंस ते मला कळलंच नाही."

तिकडून आलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

ह्यांनी लिहिलं, "चुकलं. आता तू सांग. पहिल्यापासून."

मग एकेक ओळ यायला लागली. विभाग कसा बंद झाला, साहेबाने कसं एका खोलीत सगळ्यांना बसवलं, टेबलावरचं सामान पिशवीत भरताना हा कसा लिफ्टमध्ये न जाता जिन्याने उतरला, म्हणजे कोणी बघू नये. मला फोनवर एवढं सगळं काही बोलला नव्हता. हे चष्मा नाकावर घट्ट धरून वाचत होते, ओठ हलवत. मी मधेच समोर जाऊन काही बोलले तर बोट वर केलं, गप्प. ऊन सोफ्यावरून भिंतीवर गेलं. चहा तसाच निवला. मधेच एकदा ओळी थांबल्या आणि मग मुलाने विचारलं, "बाबा, फार लांबलं ना? कंटाळलात का?"

ह्यांनी बाण फिरवून अक्षरं शोधली. दोनच होती, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"मग?"

मुलगा पुढे लिहायला लागला.